गप्प झालेली पाच घरं

दहा वाजून पाच मिनिटांनी उमा वैजापूरकर पोस्टात शिरली, रांगेतल्या चौघांना ओलांडून पुढे गेली आणि तिनं खिडकीच्या फळीवर हात आपटला. डिंकाची वाटी हलली.

"पत्रं जातात कुठे तुमच्या पोस्टातून?"

खिडकीमागे द्वारकाबाई साळवे होत्या. पेठेच्या पोस्टाच्या पोस्टमास्तर. खाकी पिशवीवर लाख लावता लावता त्यांनी मान वर केली.

"माझ्या पोस्टातून पत्र गहाळ होत नाही, बाई. चोवीस वर्षं झाली मला."

"मी पाच जवाबी कार्डं टाकली. जोडकार्डं. उत्तराचं कार्ड मीच जोडून दिलंय, पत्ता मीच घातलाय. समोरच्यानं नुसतं हो की नाही लिहून डब्यात टाकायचं. एकही परत येत नाही. पाचातलं एकही नाही!"

उमाचा आवाज फाटला. रांगेतला म्हातारा बाजूला सरकला. द्वारकाबाईंनी लाख खाली ठेवली, शिक्का बाजूला केला आणि मागचं दार उघडलं.

"आत या. इथं रडू नका."

सत्त्याऐंशी सालचा तो चैत्र होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. खाम नदीचं पात्र कोरडं पडलं होतं, आणि तरी शहर चहूकडे पसरत होतं. वाळूजला कारखाने, सिडकोत नवी घरं. जुन्या पेठांतल्या मोकळ्या जागांवर बिल्डरांचे डोळे. ज्याच्याकडे विहीर असलेलं अंगण होतं त्याच्या दारात आठवड्यातून एकदा तरी कोणी टेप घेऊन उभं राहायचं.

उमाकडे असं अंगण होतं. तिच्या नवऱ्यानं, सदाशिवनं, पाच वर्षांपूर्वी विहिरीपुढे पत्र्याचा मोठा हॉल घातला आणि 'औक्षण मंगल कार्यालय' अशी पाटी लावली. पाटीचा रंग वाळून दोन वर्षं होतात न होतात तोच तो गेला. तेव्हापासून उमाच कार्यालय चालवत होती.

"आता सांगा," द्वारकाबाई म्हणाल्या. "किती लग्नं होती?"

"वैशाखात सहा. शिवाय पाचोडचं एक, पण ते मार्गशीर्षात."

"आणि गप्प किती झाले?"

"पाच. सगळे वैशाखातले. वैशाखातल्या फक्त गोजरबाई उरल्यात, बिडकीनच्या. त्यांच्या मुलीचं लग्न आहे. त्या दर आठवड्याला भाजी घेऊन येतात आणि जाता जाता डोकावतात. पाचोडवाल्यांचंही पत्र आलं परवा."

"तारीख पक्की कशी करता? विसार?"

"विसार घ्यायचा नाही, असं ह्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. लग्नघर आणि आपण, मध्ये शब्द. पाहुण्यांना अंगण दाखवायचं, विहीर दाखवायची, आणि हातात नारळ-सुपारी द्यायची. ती घेतली की तारीख पक्की."

"म्हणजे कोणी माघार घेतली तर तुम्हाला सांगायलाही यायला नको."

उमाच्या पदराच्या टोकाला पीळ बसला होता.

"स्वतः गेलात कोणाकडे?"

"एकाच घरी. सिडकोत मांडे म्हणून आहेत. बाई जाळीच्या दाराआडूनच म्हणाली, आमच्याकडे मुहूर्तमेढ झालीय, आत येऊ नका. दुसरी सोनवणेबाई मला गुलमंडीवर भेटली, बांगड्यांच्या दुकानात. मला पाहून भिंतीला चिकटली. म्हणते, तुम्ही कशा काय हो बाहेर पडलात?"

"असं म्हणाली?"

"शब्द न् शब्द. मग हातातल्या बांगड्या तशाच टाकून गेली." उमानं नाक पुसलं. "कळलं मला काय म्हणायचं होतं ते. विधवा बाई लग्नाच्या बाजारात कशाला."

द्वारकाबाई म्हणाल्या, "नारळ कोणाच्या हातून घेतला होता तिनं?"

"माझ्याच."

"तेव्हा तुम्ही विधवा नव्हता का?"

उमानं झटकन वर पाहिलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बरं, घाई कशाची एवढी? एक हंगाम गेला म्हणून..."

"एक हंगाम नाही द्वारकाबाई, सगळंच जाईल." उमा हलक्या आवाजात म्हणाली. "आमचे मंदारभावजी. धाकटे दीर. जागा दोघांच्या नावावर आहे. त्यांना ती बिल्डरला द्यायचीय. मी हाता-पाया पडले तेव्हा कबूल झाले, की अक्षय्यतृतीयेपर्यंत वैशाखातल्या तीन लग्नांच्या तारखा पक्क्या दाखवा, मग मी विषय काढणार नाही. नाहीतर सही. मग सासूबाई त्यांच्याकडे सोयगावला आणि मी माझ्या भावाच्या दारात. अकरा दिवस उरलेत."

"सासूबाईंना ठाऊक आहे हे?"

"नाही. त्यांच्या कानावर घालायचं नाही, असं आम्ही दोघांनीही ठरवलंय. अडुसष्ट वर्षांच्या आहेत. झेपायचं नाही त्यांना."

द्वारकाबाईंनी टेबलावरचा कागद सरळ केला. "पत्रं जातात कुठे, असं विचारलंत ना मला? उद्या रजा टाकते. माझ्या पोस्टावर नाव आलंय."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला द्वारकाबाई उमाकडे आल्या. ऊन पत्र्यावर कडकड वाजत होतं.

उमाच्या सासूबाई, मनकर्णाबाई, माजघरात चष्मा लावून पाटावर कार्ड लिहीत बसल्या होत्या. पुण्याच्या लेकीला, चारुताला, त्या दर आठवड्याला लिहीत. एका हातानं कार्ड धरायचं, दुसऱ्यानं धावत्या अक्षरात भराभर लिहायचं.

"कोण गं उमे?"

"आई, पोस्टातल्या द्वारकाबाई."

"या की. उमे, पाणी दे त्यांना."

"पाणी नको, काकू," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी पाण्यासाठी नाही आले."

आणि त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी हॉल पाहिला, चुलाण्यांच्या जागा पाहिल्या. तारखांची नोंदवही फडताळात होती, तिचं पान न् पान उलटलं. प्रत्येक तारखेपुढे घराचा पूर्ण पत्ता.

"ही वही कोण कोण बघतं?"

"घरातलेच. मी, आई, शनिवारी भावजी आले तर ते. बाहेरच्या माणसाला आम्ही दाखवत नाही."

"मंडपवाला?"

"राजकुमार? तो ओट्यावरच थांबतो. हल्ली त्यानं स्वतःचाच एक हॉल चालवायला घेतलाय म्हणे." उमाच्या मनात गेले आठ दिवस हेच नाव घोळत होतं. "द्वारकाबाई, तोच असेल हो. परवा मला विचारतो कसा, वहिनी, इस बार सीझन ठंडा है क्या? त्याला कसं कळलं?"

"तुमच्याकडून कापडाची, दिव्यांची मागणी गेली नाही म्हणून कळलं." द्वारकाबाई विहिरीवर वाकल्या. पाणी खूप खाली होतं, काळ्या तव्याएवढं. "किती भरते?"

"दिवसाला तीन-साडेतीन फूट. पहाटे आणि दुपारी मागचं दार उघडतो. वस्तीतल्या बाया येतात शेंदायला."

विहिरीमागच्या भिंतीत लाकडी दार होतं. त्याच्या कडीला भलंमोठं पितळी कुलूप लोंबत होतं, उघडं. बोलणं चाललं असतानाच मनकर्णाबाई कमरेवर हात धरून आल्या आणि त्यांनी स्वतः ते दार उघडलं. बाहेर आधीच बारा-पंधरा बाया हंडे घेऊन उभ्या होत्या.

"उमे, आज नाही ना लावायचं कुलूप?"

"आज कशाला आई? कार्य असलं तरच ना."

"हां. कार्य असलं तरच." म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

द्वारकाबाईंनी उमाला बाजूला घेतलं. "कार्याच्या दिवशी कुलूप?"

"लावावंच लागतं. पाचशे-सहाशे माणूस. जेवण, भांडी, सगळंच. आदल्या दिवसापासून पाणी राखलं नाही तर वऱ्हाड तोंड धुवायलासुद्धा मिळणार नाही. मागच्या वर्षी तीनदा लावलं. आई फार मागे लागल्या होत्या, लावू नको म्हणून. पण कार्यालयाचं नाव गेलं की संपलं, द्वारकाबाई."

रांगेतल्या एका मुलीनं द्वारकाबाईंना हाक मारली, "मावशे, तू इकडं?" द्वारकाबाईंनी हातानंच तिला पुढे सरक म्हणून खूण केली.

निघता निघता त्या म्हणाल्या, "उद्या बिडकीनला जाऊ."

"गोजरबाईंकडे? अहो, त्या तर एकट्याच बोलताहेत माझ्याशी!"

"म्हणून तर. पाच घरं गप्प का झाली ते पाच घरं सांगणार नाहीत. सहावं का झालं नाही, ते बघू. शेवटी भेटल्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या?"

उमानं आठवलं. "काही नाही. नवरीच्या साडीचं बोलल्या. आणि म्हणाल्या, तुमचं कारड मिळालं बरं का."

"कोणतं कार्ड?"

"तारीख कळवल्याचं. फाल्गुनात टाकलं होतं मी."

"फाल्गुनातलं कार्ड चैत्र सरताना मिळालं? माझ्या खात्याला एवढीही नावं ठेवू नका."

*

बिडकीनच्या गाडीत दोघींना उभं राहावं लागलं. खिडकीतून धूळ येत होती. उमाला रात्रभर झोप नव्हती. दहा दिवस उरले होते, आता नऊ. सहा लग्नांतून एक. एकावर मंदार हसेल.

गोजरबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. पाहुण्या बघून सूप खाली ठेवून उठल्या.

"आगं बया, उमाबाई! तुमी कशाला आल्या उन्हाच्या? मीच येनार व्हते की मंगळवारी. बसा, बसा."

"गोजरबाई, तुम्हाला माझं कार्ड कधी आलं हो?"

"कंचं? दोन हायेत. एक शिमग्याच्या आधीचं, ते कडूबानं वाचून दावलं. आन् एक आत्ताचं, रामनवमी झाल्यावरचं. कडूबा गेलाय नाशकाकडं कामाला. त्यो येईल आखाजीला, मंग वाचील. मला कुठं येतंय वाचाया?"

"दुसऱ्या कोणाकडून नाही वाचून घेतलंत?"

"नाय बा. लग्नाचं बोलनं, गावभर कशाला करायचं? लई जळतेत लोकं."

"बघू का ते?" द्वारकाबाई म्हणाल्या.

खुंटीला वाकवलेली तार टांगलेली होती, आणि तारेत वर्षानुवर्षांची पत्रं ओवलेली. तेव्हा सगळ्या घरांत अशी तार असे. घराचा सगळा इतिहास तिच्यात भोकं पाडून अडकवलेला. सगळ्यात वरचं कार्ड द्वारकाबाईंनी अलगद सोडवलं.

त्यांचा चेहरा बदलला. कार्ड त्यांनी एकदम उलटं धरलं.

"काय लिवलंय?" गोजरबाईंनी विचारलं.

"तुमचं नव्हे हे. चुकून आलंय. नेऊ का मी?"

"न्या की. पर लग्न ठरल्यालंच हाय ना, उमाबाई? न्हाय म्हंजी, माज्या पोरीनं मैतरणींना सांगून ठेवलंय, विहीरवाल्या अंगनात लग्न हाय म्हनून."

"ठरलेलंच आहे," उमा म्हणाली.

गाडीच्या थांब्यावर, बाभळीखाली, द्वारकाबाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं.

कार्डाचा उजवा कोपरा फाडलेला होता. माथ्यावर 'श्री' नव्हतं. सुट्या, मोठ्या, शाळेत गिरवतात तशा अक्षरांत लिहिलं होतं:

*आमच्या मातोश्री मनकर्णाबाई वैजापूरकर यांस चैत्र शुद्ध दशमीस राहत्या घरी देवाज्ञा झाली. कळावे. वैजापूरकर कुटुंब.*

उमानं ओळ पुन्हा वाचली आणि ती खाली बसली. सकाळीच तर आईंनी तिला बसमध्ये खायला दशमी बांधून दिली होती.

"आता कळलं ना, पत्रं कुठे जातात?" द्वारकाबाई तिच्याजवळ बसल्या. "मरणाचं कार्ड आपल्याकडे कोणी घरात ठेवत नाही. वाचलं की दारातच फाडतात. पाच घरांत पाच कार्डं फाडली गेली. हे सहावं राहिलं, कारण ते कोणी वाचलंच नाही. तिच्या तारेत ते साध्या पत्रांसारखंच लटकलंय, आणि ती बिचारी दर आठवड्याला तुमच्या सासूबाईंशी बोलून जातेय."

"म्हणून जाळीआडून..."

"मेढ पुरलेलं घर. तुमच्या घरी सुतक. तुम्हाला आत घेतील? बांगड्यांच्या दुकानातली बाई तेच म्हणाली, सुतकात बाहेर कशा पडलात. आणि लग्नघरात त्या गोष्टीचं नाव तरी कोण काढणार? तुमची जवाबी कार्डंही त्यांनी तशीच बाहेरच्या बाहेर टाकली असतील. नारळ-सुपारी दिलेल्या जागी महिन्याच्या आत मरण झालं, तिथं कोण अक्षता टाकेल? मनातून लाजत असतील, तुम्हाला न सांगता दुसरीकडे गेलो म्हणून. लाजलेला माणूस उत्तर देत नाही."

उमाच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. "भावजी! त्यांनी स्वतःच्या आईला... जागेसाठी!"

"शिक्का बघा," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्याच पोस्टाचा आहे. नऊ एप्रिल. गुरुवार."

*

रविवारी दुपारी मंदार घरी होता. तो सोयगावला सरकारी कचेरीत कारकून. शनिवारी दुपारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. अक्षय्यतृतीया शुक्रवारी होती.

त्यानं कार्ड वाचलं आणि ते भाजल्यासारखं टाकून दिलं.

"वहिनी, हा काय अभद्रपणा? आणि माझ्याकडे काय बघता? मला जागा विकायची आहे, आई नाही!"

"आरडू नका," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही लिहिलं. गुरुवारी तुम्ही सोयगावला होतात. हजेरीपटावर सही असेल."

"मग राजकुमारनं," उमा म्हणाली.

"त्याला हे पत्ते ठाऊक नाहीत. पण ते सोडा. मी वेगळाच विचार केला." द्वारकाबाई विहिरीच्या कठड्याला टेकल्या. मनकर्णाबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या, हात मांडीवर. "सात घरांचे पत्ते एकाच वहीत. कार्डं गेली सहांनाच. पाचोडवाल्यांना गेलं नाही. का? बिल्डरसाठी काम करणाऱ्याला सगळ्याच तारखा मोडायच्या असत्या. दुसऱ्या हॉलवाल्यालाही मार्गशीर्षाचं लग्न काय कडू होतं? पण ज्यानं हे लिहिलं त्याला फक्त वैशाख नको होता. वैशाखात आणि मार्गशीर्षात फरक कशाचा?"

मंदारनं कार्ड उचलून पुन्हा पाहिलं.

"पावसाचा," द्वारकाबाई म्हणाल्या. "मार्गशीर्षात विहीर भरलेली असेल, अशी आशा. वैशाखात सहा लग्नं म्हणजे बारा दिवस या दाराला कुलूप. आणि वस्तीतला हापसा होळीपासून कोरडा आहे."

उमाचा हात आपोआप कठड्यावर गेला.

"मग मला वाटलं, वस्तीतलंच कोणी. खोटं कशाला बोलू, मीही त्याच वस्तीतली. पण वस्तीतल्या माणसाला ही वही कुठे दिसणार? घरातलंच माणूस. घरात कोणाचं तरी मरण लिहायचंय. तुम्ही लिहाल, मंदार? उमाबाई, तुम्ही? हात धजेल? चालत्या-बोलत्या माणसाचं नाव त्या ओळीत घालताना? लेकाचं, सुनेचं, लेकीचं नाव लिहिताना हात कापतो. ज्याला ते करायचंच आहे आणि कोणाचं वाईटही चिंतायचं नाही, त्याच्यापुढे एकच नाव उरतं."

त्या मनकर्णाबाईंकडे वळल्या.

"स्वतःचं."

पत्रा तापून कडकन वाजला. मनकर्णाबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

"सही घालायची होती मंदारच्या नावाची," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं घालवेना. लेकरानं आईचं मरण कळवलं, असं खोटं कसं लिहू? म्हणून नुसतं कुटुंब लिहिलं. अक्षर गिरवून काढलं, धावतं लिहिलं तर उमा ओळखेल म्हणून."

"आई!" उमा ओरडलीच. "मी दारोदार फिरतेय! लोक मला शिवून घेत नाहीत, आणि तुम्ही बघत होतात?"

"एका हंगामाचाच प्रश्न होता गं. मला वाटलं, एक वर्ष पोटाला चिमटा काढू, पुढल्या साली पाऊस पडेल. तुला तोंडानं सांगून बघितलं. मागच्या वर्षी तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, नाव जाईल."

"एक हंगाम?" मंदार खाली बसला. "आई, तीन तारखा झाल्या नाहीत तर मी शुक्रवारी सही करणार होतो. बिल्डर सगळ्यात आधी ही विहीर बुजवणार आहे."

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मला कोणी सांगितलं नाही."

"झेपणार नाही म्हणून," उमा पुटपुटली.

मनकर्णाबाईंच्या हातातला चष्मा मांडीवर पडला. "म्हणजे मी दार उघडं ठेवायला गेले आणि विहीरच... अरे देवा. काय केलं मी हे."

"पण का, आई?" मंदारनं विचारलं. "दोन दिवस कुलूप म्हणजे काय आभाळ कोसळतं?"

"कोसळतं." त्या उठल्या आणि मागच्या दाराशी गेल्या. "बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. चारुताचं लग्न होतं, इथंच, या अंगणात. तू शाळेत होतास. कुलूप मी लावलं होतं, माझ्या या हातानं. एक बाई दोनदा आली हंडा घेऊन. मी आतून म्हटलं, आमच्याकडे कार्य आहे, परवा ये. तिसऱ्यांदा नाही आली. नदीच्या पात्रात झरा उकरायला गेली, दरड ढासळली अंगावर. इकडे आमच्या पंगती उठत होत्या. चंपा नाव होतं तिचं. मला नंतर कळलं. उमे, तू मागच्या वर्षी कुलूप लावलंस ना, की मला आतल्या खोलीत हंडा वाजलेला ऐकू यायचा."

दारापलीकडून बायांची कुजबूज येत होती. दार उघडायची वेळ झाली होती.

"चंपा माझी धाकटी बहीण," द्वारकाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी चौकट धरली.

"पंधरा वर्षं मी या दारातून पाणी नेलं नाही. आमच्या गल्लीतल्या बाया नेतात, मी सार्वजनिक नळावरून आणते, पहाटे तीनला उठून. तुमच्या घरचं काम हाती घेतलं ते पोस्टावर आळ आला म्हणून. कार्ड हातात पडलं तेव्हाच मला अर्धं कळलं होतं. गप्प बसले असते तर वस्तीला पाणी मिळालं असतं, वैशाखभर. मग उमाबाईंनी सांगितलेलं आठवलं, बिल्डरचं." त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. "काकू, मी माफ केलं असं म्हणणार नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"म्हणूही नको," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी कडीतलं पितळी कुलूप काढलं, त्याच्या किल्लीसकट उमाच्या हातात ठेवलं आणि दार सताड उघडलं. "उमे, मला लुगडं बदलू दे. रिक्षा बोलाव."

"कुठे जायचंय?"

"पाच घरांना. मी मेले नाही, हे मीच जाऊन सांगायला हवं. मला पाहिल्यावर तरी दार उघडतील की नाही? आणि त्यांना सांगू, तुमच्या कार्याचं पाणी तुम्ही टँकरनं आणा, अंगण आमचं. विहीर वस्तीची."

"असं सांगितलं तर कोण येईल, आई?"

"कोणी तरी येईल."

*

त्या दिवशी आणि सोमवारी सासू-सून पाच दारांत जाऊन आल्या. सिडकोतल्या मांडेबाईंनी जाळीतून पाहिलं आणि किंचाळून देवघरात पळाल्या. त्यांच्या यजमानांनी बाहेर येऊन आधी मनकर्णाबाईंचे पाय नीट जमिनीला टेकलेत का ते पाहिलं, मग हसत सुटले. जिचं खोटं मरण पसरतं तिला भरपूर आयुष्य असतं, असं ते मानत. त्यांनी टँकरसकट तारीख पुन्हा पक्की केली. बाकी चौघांनी दुसरीकडे शब्द दिला होता. सोनवणेबाई रडल्या, माफी मागितली, पण गेलेली तारीख गेली. गोजरबाईंनी निरोप धाडला: पाण्याचं काय, कालव्याकडून टॅक्टर भरून आणू.

म्हणजे दोन.

गुरुवारी संध्याकाळी मंदार आला. उमानं वही त्याच्यापुढे ठेवली. दोन नावं. त्यानं वही मिटली. "वहिनी, मला वाईट वाटतंय. पण शब्द तीनचा होता. त्या माणसाला मी उद्या अकराला बोलावलंय."

उमानं मान हलवली. वादाला तिच्यात त्राणच उरलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी तिनं सदाशिवचा फोटो भिंतीवरून काढला आणि जुन्या साडीत गुंडाळला.

दहा वाजता ओट्यावर चपलांचा आवाज झाला. बिल्डर लवकर आला असं वाटून ती बाहेर आली. द्वारकाबाई होत्या. बरोबर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, त्या दिवशी रांगेतून हाक मारणारी.

"बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार मोकळा आहे का?"

"कोणासाठी?"

"हिच्यासाठी. मेघा. चंपाची मुलगी. आई गेली तेव्हा पाच वर्षांची होती, मीच वाढवली. आमच्या पद्धतीनं लग्न होईल. वस्तीतली माणसं येतील, चारशे तरी. समाजमंदिराला विचारणार होते. मग वाटलं, इथं विचारावं."

वैजापूरकरांच्या अंगणात वस्तीतलं लग्न कधी झालं नव्हतं. कोणी कधी विचारलंही नव्हतं. उमानं मंदारकडे पाहिलं. मंदारनं विहिरीकडे.

"लिहा की वहिनी," तो म्हणाला. "तारीख लिहा. तीन झाल्या." मग उठून चपला घालू लागला. "मी कोपऱ्यावर जाऊन त्या माणसाला परत पाठवतो."

उमा नारळ-सुपारी आणायला वळली.

"नारळ-सुपारी आमच्यात नाही," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग शब्द कशावर पक्का करायचा?"

द्वारकाबाईंनी पायरीवर चपला काढल्या, आणि पहिल्यांदाच त्या घरात खाली बसल्या. मेघाला शेजारी बसवलं.

"काकू आहेत ना आत? त्यांना म्हणावं, एक तांब्या पाणी आणा."